बीजाला गारवा हवा

मराठीतील काही शब्द प्रांत ओलांडले की अर्थ बदलतात. ‘गरमी’ हा त्यांपैकीच एक. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मराठीत ‘त्याला गरमी झाली आहे’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा आपोआप आवाज खाली आणीत असे. कारण गरमी म्हणजे उपदंश, आणि उपदंश म्हणजे चारचौघांत न उच्चारावयाचा रोग. इकडे इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीच्या शेजारात वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र गरमी म्हणजे केवळ मे महिन्यातला उन्हाळा. उष्णतेचा आणखी एक अर्थ स्वयंपाकघरातला. पपई उष्ण, लसूण उष्ण, अळीव उष्ण. ताक थंड, सब्जा थंड, गुलकंद थंड. या सगळ्या अर्थांच्या गर्दीत तापमापकाने मोजता येणारी साधी उष्णता हरवून जाते. अपत्यप्राप्तीच्या प्रश्नात मात्र तिचाच विचार प्रथम करावयास हवा.

विषय आहे उष्णतेचा पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम. घरातील लहानथोर सर्वांच्या हाती जाणाऱ्या मासिकात असा विषय कशाला, असे काही ज्येष्ठ वाचकांच्या मनात येईल. त्यांना नम्रपणे एवढेच स्मरण करून द्यावेसे वाटते, की रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ साली मराठीतच सुरू केले आणि खटले व ओढगस्त सोसून १९५३ पर्यंत ते चालविले. शरीराविषयी सभ्य आणि शास्त्रशुद्ध मराठी लिहिता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे. दुसरे असे, की प्रस्तुत माहितीचे मूळ सूत्र राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. शुक्रजंतू तयार होण्यास शरीराच्या नेहमीच्या तापमानापेक्षा कमी तापमान लागते, म्हणून वृषण उदरपोकळीच्या बाहेर असतात, असे ते पुस्तक सांगते. परंतु हे प्रकरण पुष्कळ वर्गांत ‘घरी वाचून या’ एवढ्यावर आटोपते, हे शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसास ठाऊक असते. घरी ते कोणी वाचीत नाही. पुढे तीच मुले मोठी होतात, त्यांची लग्ने होतात, दोन-तीन वर्षे पाळणा हलत नाही, आणि मग घरातील सर्व नजरा सुनेकडे वळतात.

आता ते वगळलेले प्रकरण उघडू या. माणसाच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. वृषणांना ते मानवत नाही. त्यांना २ ते ४ अंशांनी कमी तापमान लागते. म्हणून निसर्गाने त्यांना शरीराबाहेर, एका पातळ पिशवीत ठेवले आहे. या वृषणकोशाच्या त्वचेखाली चरबीचा थर नाही, घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर आहेत. थंडी वाजली की एक स्नायू वृषणांना शरीराजवळ ओढून घेतो. उकडू लागले की तोच त्यांना सैल सोडतो. याहूनही सुंदर योजना रक्तवाहिन्यांची आहे. वृषणाकडे उष्ण रक्त नेणाऱ्या रोहिणीभोवती, तेथून परतणाऱ्या थंड रक्ताच्या नीलांचे जाळे वेढलेले असते. खाली जाणाऱ्या रक्तातील उष्णता वर येणारे रक्त वाटेतच काढून घेते, आणि वृषणापर्यंत पोहोचणारे रक्त निवलेले असते. उन्हाळ्यात आपण ओसरीवर ठेवतो त्या माठाची उपमा येथे फार दूरची नव्हे. माठ पाझरतो, त्यावरून वारा वाहतो, म्हणून पाणी गार राहते. त्याच माठाला प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळून तो चुलीजवळ ठेवला, तर पाणी गार कसे राहील?

हे ज्ञान शास्त्रज्ञांनाही फार जुने नाही. वृषणकोशातील तापमान कमी असते आणि पोटातच अडकून राहिलेल्या वृषणात शुक्रजंतू तयार न होण्याचे कारण तेथील उष्णता असावी, असा तर्क फ्रान्सिस क्रू या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२२ साली मांडला. पाठोपाठ १९२४ साली शिकागोचे कार्ल मूर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. त्यांनी मेंढ्याच्या वृषणकोशावर ऊब धरून ठेवणारे आवरण बांधले. मेंढा धडधाकट, वृषण जागच्या जागी. केवळ गारवा नाहीसा झाला, आणि तेवढ्याने शुक्रजंतूंची निर्मिती ढासळली.

सर्वच प्राण्यांत ही व्यवस्था अशी नाही, हेही सांगितले पाहिजे. हत्तीचे वृषण पोटातच असतात आणि पक्ष्यांचेही, जरी पक्ष्यांचे शरीर आपल्यापेक्षा उष्ण असते. डॉल्फिनचे वृषणही शरीराच्या आत असतात, पण पाठीवरच्या व शेपटीच्या परांतून गार झालेले रक्त त्यांच्या शेजारून खेळविलेले असते. माणसाच्या वाट्याला मात्र बाहेरची पिशवी आली. ती नाजूक आहे, आणि तिची सोय आपण बिघडवू शकतो.

बिघाड होतो म्हणजे नेमके काय होते? शुक्रजंतू एका दिवसात तयार होत नाही. मूळ पेशीपासून पूर्ण घडलेला शुक्रजंतू होण्यास सुमारे ७० ते ७४ दिवस लागतात. पुढे वृषणामागच्या नलिकेत पक्व होण्यास आणखी दहा-बारा दिवस जातात. एकूण हिशेब जवळजवळ तीन महिन्यांचा. या घडणीच्या मधल्या टप्प्यावर, जेव्हा पेशी विभागून तिच्यातील गुणसूत्रे निम्मी होतात तेव्हा, ती उष्णतेला सर्वांत हळवी असते. तापमान वाढले की अशा पेशी मोठ्या संख्येने मरतात. ज्या वाचतात त्यांची हालचाल मंदावते आणि काहींतील आनुवंशिक द्रव्यालाही इजा पोहोचते. आजच्या उष्णतेचे फळ म्हणूनच आज दिसत नाही, ते काही आठवड्यांनी दिसते. त्याचप्रमाणे उष्णता दूर केल्याचे फळही लगेच मिळत नाही. त्यासाठी निदान तीन महिने धीर धरावा लागतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. वृषणात दोन कामे चालतात. एक शुक्रजंतू घडविण्याचे, दुसरे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक स्रवण्याचे. उष्णतेचा मार प्रामुख्याने पहिल्या कामावर बसतो. दुसरे पुष्कळसे अबाधित राहते. दाढीमिशा तशाच, आवाज तसाच, बळ आणि कामेच्छा तशीच. पतिपत्नींच्या संबंधात कोठेही उणेपणा जाणवत नाही. त्यामुळे आपल्यात काही न्यून असेल अशी शंकाही पुरुषाला येत नाही, आणि कोणी सुचविले तर त्याला तो अपमान वाटतो. आपली भाषाही या गैरसमजाला हातभार लावते. ‘नपुंसक’ आणि ‘वंध्य’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः संबंधाची असमर्थता ही एक गोष्ट आणि बीजाची उणीव ही सर्वस्वी दुसरी. ‘वांझ’ हा कठोर शब्द तर आपण स्त्रीला लावतो, गाईला लावतो, झाडाला लावतो. पुरुषाला तो लावलेला क्वचितच ऐकू येतो. ज्याच्यासाठी रोजच्या बोलण्यात शब्द नाही, त्याची तपासणी तरी कोण सुचविणार? याच घोटाळ्यातून आणखी एक अनर्थ होतो. ‘ताकद’ वाढावी म्हणून काही तरुण व्यायामशाळेतील ओळखीने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. बाहेरून आलेल्या संप्रेरकामुळे शरीर आतली निर्मिती थांबविते आणि शुक्रजंतू वाढण्याऐवजी पार नाहीसे होऊ शकतात. अपत्याची इच्छा असणाऱ्याने तरी या वाटेला जाऊ नये.

उष्णता येते कोठून? पहिला उगम सर्वांच्या परिचयाचा, तो म्हणजे ताप. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू यांसारख्या तापात शरीर चार-सहा दिवस ३९-४० अंशांवर राहिले, की पुढील काही आठवडे शुक्रजंतूंची संख्या घटलेली आढळते. ती बहुधा दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. म्हणून मोठ्या तापानंतर लगेच केलेल्या वीर्यतपासणीवरून निराश होऊ नये. तपासनिसाला तापाची गोष्ट सांगावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

दुसरा उगम पोटापाण्याच्या धंद्यातला. इटलीत चिनी मातीच्या भट्ट्यांवरील कामगार आणि रोमचे टॅक्सीचालक, डेन्मार्कमधील वेल्डर अशा अनेकांवर अभ्यास झालेले आहेत, आणि दीर्घकाळ उष्णतेत किंवा एकाच आसनावर बसून काम करणाऱ्यांत बीजाचा दर्जा उतरलेला किंवा गर्भधारणेस अधिक काळ लागलेला दिसला आहे. फ्रान्समधील तुलूझ येथे २०००च्या सुमारास मोटार चालविणाऱ्यांच्या वृषणकोशाचे तापमान प्रत्यक्ष मोजले, तेव्हा दोन तासांच्या सलग चालनात ते चालत्या माणसाच्या तुलनेत सुमारे दोन अंशांनी वाढलेले आढळले. आता आपल्या भोवती पाहा. इंदूरच्या सराफ्यात रात्री दोनपर्यंत कढईसमोर उभा असलेला हलवाई, बेळगावच्या फाउंड्रीतला ओतारी, फिरोजाबादच्या काचेच्या भट्टीवरचा कारागीर, आग्रा-मुंबई रस्त्यावर इंजिनाच्या धगीशेजारी दहा-दहा तास बसणारा मालमोटारीचा चालक, हे सर्व आपलेच शेजारी आहेत, आणि काही तर आपल्याच घरांतले. मध्यम व अवजड मालमोटारींच्या नव्या केबिनी वातानुकूलित असाव्यात असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२३मध्ये केला. तो चालकाचा शीण आणि त्यातून होणारे अपघात टाळण्यासाठी आहे. पण त्याचा हाही एक लाभ म्हणावयास हरकत नाही. कढईपुढच्या माणसासाठी मात्र असा कोणताच नियम नाही.

माझ्या माहितीतले एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि आडनाव गाळतो. फरसाणाचे दुकान, स्वतःचा हात चांगला, म्हणून मालक स्वतःच दिवसाचे दहा तास भट्टीपुढे. लग्नाला पाच वर्षे झाली, मूल नाही. या पाच वर्षांत सुनेच्या गर्भनलिकांची क्ष-किरण तपासणी दोनदा झाली, भूल देऊन दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली, सोळा सोमवार झाले, दोन ठिकाणचे नवस झाले. तिच्या कागदांची फाइल बोटभर जाड झाली होती. नव्या डॉक्टरीणबाईंनी ती चाळली आणि विचारले, “यजमानांचे कागद कोठे आहेत?” तसे कागद नव्हतेच. सासूबाई म्हणाल्या, “अहो, तो तर अगदी ठणठणीत आहे.” बऱ्याच मिनतवारीनंतर त्याने तपासणी करविली, शुक्रजंतू प्रति मिलिलीटर साठ लाखांच्या आसपास निघाले. डॉक्टरांनी भट्टीवर माणूस ठेवावयास सांगितला, तंबाखू सोडावयास सांगितली. चार महिन्यांनी तोच आकडा पावणेदोन कोटींवर गेला, आणि वर्षभरात घरी मुलगी झाली. भट्टीच कारण होती असे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितले नाही. कदाचित तंबाखूचाही वाटा असेल. परंतु मी ही हकीकत मुलीच्या जन्मासाठी सांगितलेली नाही. जिच्या शरीरात दोष नव्हता तिची फाइल बोटभर जाड आणि ज्याच्यात तो होता त्याचा एकही कागद नाही, हे पाच वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही. त्यासाठी सांगितली.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ‘आमच्या आजोबांनी जन्मभर चुलाणासमोर गूळ काढला आणि त्यांना नऊ मुले झाली, त्याचे काय?’ आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही आहे. उष्णता बीज सहसा समूळ नष्ट करीत नाही, ती संख्या घटविते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार शुक्रजंतूंची खालची संदर्भमर्यादा प्रति मिलिलीटर १ कोटी ६० लाख ही आहे. ती नापासाची रेघ नव्हे. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांपैकी तळाचे पाच टक्के ज्या आकड्याखाली येतात, तो हा आकडा. त्याखालीही मुले होतात, वेळ मात्र अधिक लागू शकतो. आता ज्याच्या खात्यात दहा कोटी आहेत त्याचे निम्मे गेले तरी संसार सुखाने चालतो. ज्याच्या खात्यात मुळातच तीन कोटी आहेत त्याचे निम्मे गेले, तर तो काठावर येतो. आजोबांची शिल्लक मोठी होती, एवढाच त्या नऊ मुलांचा अर्थ.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. मग आपण सर्वच धोक्यात आहोत काय? तसे नव्हे. बाहेर कितीही तापले तरी घामाच्या साह्याने शरीर आपले तापमान राखते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथे उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात हिवाळ्याच्या तुलनेत उन्हाळ्यात शुक्रजंतूंची घनता सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. परंतु त्याच संशोधकांनी पुढे वातानुकूलित जागी काम करणारे पुरुष तपासले, तर त्यांच्यातही उन्हाळ्यात घट दिसली. म्हणजे सगळा दोष उन्हाचाच आहे असे म्हणता येत नाही; दिवसाच्या लांबीसारखी अन्य कारणेही असू शकतील. अतितप्त प्रदेशांतही पिढ्यान् पिढ्या मुले जन्माला येत आहेत. हवेच्या उन्हाळ्यापेक्षा, शरीराच्या त्या विशिष्ट भागी रोज तासन् तास कोंडलेली धग अधिक विचारात घ्यावी.

ही कोंडी पुष्कळदा आपल्या सवयींतूनच होते. घट्ट, जाड, न श्वसणाऱ्या कापडाचे कपडे हे तिचे पहिले साधन. बोस्टन येथे ६५६ पुरुषांची पाहणी करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांत शुक्रजंतूंची घनता घट्ट वापरणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. अर्थात घट्ट कपड्यांचा गटही एकंदरीने निरोगी मर्यादेतच होता. तालमीतला तास-दीड तासाचा लंगोट घातक नाही; दिवसभराचा घट्टपणा विचार करण्याजोगा आहे. दुसरे साधन मांडीवरचा लॅपटॉप. न्यूयॉर्क राज्यातील संशोधकांनी २००५ साली २९ पुरुषांवर मापन केले, तेव्हा तासाभरात वृषणकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. आणि गंमत अशी, की यंत्राविनाही मांड्या जुळवून तासभर बसल्याने ते दोन अंशांनी वाढले. तेव्हा लॅपटॉप टेबलावर ठेवावा आणि तासाभराने उठून दहा मिनिटे चालावे. वाढलेले वजनही मांड्यांभोवती चरबीचे पांघरूण घालते. राहिली आंघोळ. ग्वाल्हेरच्या पौषातील थंडीत बादलीभर कढत पाणी अंगावर घेणाऱ्याने काळजी करू नये. पाच मिनिटांच्या आंघोळीने काही बिघडत नाही. पण टबात अर्धा-अर्धा तास बसणे आणि सॉना यांची गोष्ट निराळी. इटलीतील पादुआ येथे १० पुरुषांनी तीन महिने, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे सॉना घेतला. त्यांचे शुक्रजंतू लक्षणीय घटले, आणि सॉना बंद केल्यावर सहा महिन्यांत पूर्ववत झाले. हा अभ्यास २०१३ सालचा.

उष्णतेच्या या गुणाचा उलट उपयोग करण्याचाही प्रयत्न झाला आहे. मार्था फोगेली या स्विस डॉक्टरीणबाईंनी भारतात अनेक वर्षे काम केले. संततिनियमनासाठी पुरुषाने तीन आठवडे रोज ४५ मिनिटे ११६ अंश फॅरेनहाइटच्या पाण्यात बसावे, अशी पद्धत त्यांनी सुचविली होती. तिचा परिणाम सुमारे सहा महिने टिकतो असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तुलूझचे डॉक्टर रोझे मिएसे यांनी वृषण दिवसभर शरीरालगत ठेवणाऱ्या विशेष अंतर्वस्त्राचे प्रयोग केले. या प्रयोगांनी उष्णतेचा परिणाम खरा आहे हे दाखविले. परंतु त्यावरून कोणी घरच्या घरी गरम पाण्यावर विसंबू नये. भरवशाची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आता आजी आणि आई यांच्यासाठी दोन शब्द. कारण बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारे हात त्यांचेच असतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांचा एखादा वृषण जन्मतः खाली उतरलेला नसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण पुष्कळ अधिक असते. बहुतेकांचा तो पहिल्या काही महिन्यांत आपणहून उतरतो. परंतु सहा महिन्यांनंतरही पिशवीचा एक भाग रिकामा लागत असेल, तर ‘मोठेपणी उतरेल’ म्हणून थांबू नये; मुलांच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे. छोटी शस्त्रक्रिया करून वृषण खाली आणता येतो, आणि ती साधारणतः दीड वर्षाच्या आत व्हावी असे तज्ज्ञ सांगतात. पोटाच्या उबेत वर्षानुवर्षे राहिलेल्या वृषणाची बीजशक्ती क्षीण होते. पुढे तेथे कर्करोग होण्याची शक्यताही वाढते. काही बाळांचा वृषण थंडीने किंवा स्पर्शाने वर सरकतो आणि कोमट पाण्यात पुन्हा खाली येतो. त्याला बहुधा उपचार लागत नाही, पण डॉक्टरांना सांगून ठेवावे. आजीच्या बोटांनी वेळेवर ओळखलेली ही एक गोष्ट पंचवीस वर्षांनंतरचे एक दुःख टाळू शकते.

तरुणांसाठीही एक सूचना. मघाशी नीलांच्या ज्या जाळ्याचा उल्लेख केला, त्या नीला काहींच्या बाबतीत, बहुधा डाव्या बाजूला, फुगतात. रक्त तुंबते आणि गारव्याची सगळी योजना बिघडते. याला व्हेरिकोसील म्हणतात. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांत ते असते. अपत्यहीनतेसाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांत मात्र ३५ ते ४० टक्क्यांत आढळते. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. परंतु उभे राहिल्यावर जडपणा जाणवत असेल, हाताला दोऱ्यांचा गुंता लागत असेल, तर लाज न धरता दाखवावे. उपचार झालेल्या पुष्कळांचा बीजाचा दर्जा पुढील तीन ते सहा महिन्यांत सुधारतो.

उष्णता हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे, आणि काही दांपत्यांच्या बाबतीत सर्व तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. अशा दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचा, एकट्याचा किंवा पत्नीच्या बरोबरीने, वाटा असतो. असे असताना चौकशीचा सारा भार एकाच खांद्यावर का?

व्यवहाराची रीत साधी आहे. वर्षभर वाट पाहूनही गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असून सहा महिन्यांत राहिला नाही, तर दोघांनी एकाच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी असते. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही, आणि खर्च स्त्रीच्या बहुतेक तपासण्यांपेक्षा कमी. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यावा. आकडा कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा द्यावा, कारण एका नमुन्यावरून निकाल लावीत नाहीत. डॉक्टरांना आपला धंदा, बसण्याची रीत, अलीकडचा ताप, तंबाखू आणि औषधे यांविषयी खरे सांगावे. ताक, सब्जा, गुलकंद आवडत असतील तर जरूर घ्यावेत. मात्र भट्टीच्या धगीवर तो उपाय नव्हे. भट्टीपासून दोन पावले मागे सरणे, मदतनीस ठेवणे, वारा खेळता ठेवणे, सुती सैल कपडे वापरणे हा उपाय आहे, आणि तो तीन महिने नेटाने करावयाचा आहे.

घरातील वडीलधाऱ्यांवर मात्र सर्वांत मोठी जबाबदारी आहे. सुनेला ‘तू दाखवून ये’ असे सांगण्याऐवजी मुलाला जवळ बसवून ‘तूही तपासून घे’ असे सासऱ्यांनी किंवा सासूबाईंनी म्हणावे. एवढ्या एका वाक्याने तिची कित्येक वर्षांची परवड वाचेल. मुलालाही कळेल, की ही तपासणी त्याच्या पुरुषत्वाची नाही. बी पेरण्यापूर्वी शेतकरी ते भिजवून, उगवून पाहतो, तितकीच ती सरळ गोष्ट आहे. पुढच्या खेपेला दवाखान्यात निघताना पिशवीत दोन फायली असाव्यात, आणि त्यांतली एक तरी त्याच्या नावाची असावी.